उजवी बाजू

बसच्या पत्र्यावर बाहेरून कुणीतरी जोरात थाप मारली आणि उत्तरेश्वरचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. कर्वेनगरच्या स्टॉपवरून बस नुकतीच हलली होती, पहिल्याच गिअरमध्ये होती, म्हणून काही झालं नाही. मागे उभ्या असलेल्या एका मुलीच्या हातातला डबा तेवढा खाली पडला. त्यानं उजवीकडच्या खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं, तर त्याच्या दाराला अगदी लागून एक पिवळी स्कूटर उभी होती आणि तिच्यावर इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले एक सत्तरीचे गृहस्थ. ते ओरडले नाहीत. थाप मारलेला हात रुमालानं पुसत म्हणाले, "अहो, मी दिसलो नाही हे समजू शकतो. मी किरकोळ आहे. पण स्कूटर पिवळी आहे. मुद्दाम पिवळी घेतली." आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले.

बोलण्याचं उत्तरेश्वरला काही वाटलं नाही. पुण्यात बस चालवायची तर कान घट्ट करावे लागतात, आणि त्यानं ते कधीच केले होते. त्याला लागलं ते वेगळंच. बस हलवण्याआधी त्यानं उजवीकडे पाहिलं होतं. न बघता त्यानं गाडी कधी हलवलीच नव्हती. त्यानं पाहिलं होतं आणि तिथे रस्ता होता, रिकामा, डांबरी, सकाळच्या उन्हात जरा चमकणारा. मग त्या रिकाम्या रस्त्यातून एक माणूस आणि एक पिवळी स्कूटर निघाली कशी? चांदणी चौकाचा चढ आला, बावधनची नवी बांधकामं आली, हायवे लागला, तरी तो मनातल्या मनात कर्वेनगरच्या स्टॉपवरच उभा होता. पुन्हा पुन्हा उजवीकडे बघत होता आणि पुन्हा पुन्हा त्याला रस्ताच दिसत होता. काही दिसलं नाही म्हणजे अंधार दिसायला हवा, असं त्याला वाटत आलं होतं. इथे तर लख्ख दिसत होतं, फक्त जे होतं ते त्यात नव्हतं. मागे कंपनीची पोरं झोपली होती. गळ्यात कार्ड, कानात वायरी, डोकं काचेला टेकलेलं. आरशात त्यानं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली.

त्याच्या गाडीत माणसं झोपत, हा उत्तरेश्वरचा खरा अभिमान होता. तो कधी कुणाला बोलून दाखवला नव्हता, कारण बोलून दाखवण्यासारखी ती गोष्टच नव्हती. बार्शीकडून तो पुण्यात आला तेव्हा चिंचवडच्या एका कारखान्याच्या बसवर लागला. पहिल्या पाळीची माणसं पहाटे हातात डबा घेऊन चढायची आणि नाशिक फाटा यायच्या आत माना टाकायची. त्याच्या आधीच्या ड्रायव्हरच्या गाडीत ती जागी असायची, समोरचा दांडा धरून बसायची, हे त्याला कुणीतरी नंतर सांगितलं. त्या दिवसापासून त्यानं आरसा जरा खाली वळवून घेतला. रस्ता तर दिसायचाच, झोपलेली माणसंही दिसायची. ज्याच्या हातात आपण जीव देऊन झोपतो त्याचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नसतं, याची त्याला गंमत वाटायची आणि छाती थोडी रुंद व्हायची. मग कारखान्यात नवी यंत्रं आली, माणसं पैसे घेऊन घरी बसली, बसमध्ये आधी चार सीट रिकाम्या दिसायला लागल्या, मग दहा, मग एके दिवशी बसच बंद झाली. त्याच सुमारास हिंजवडीच्या शेतांतून काचेच्या इमारती उठल्या. सुखदेव ट्रॅव्हल्सवाल्यानं त्याला बोलावून घेतलं. माणसं बदलली, डब्यांच्या जागी पाठीवरच्या बॅगा आल्या, बोलणं निम्मं इंग्रजीत व्हायला लागलं, पण झोप तीच होती. तीच वाकडी मान, तेच उघडं तोंड. इतक्या वर्षांत त्याच्या गाडीला ओरखडा गेला नव्हता. रस्ता त्याला वाचता येतो, असं तो स्वतःशी म्हणायचा, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

संध्याकाळी वारज्याला घरी जेवायला बसला तेव्हा त्यानं पाण्यासाठी हात उजवीकडे नेला. तांब्या तिथे नव्हता. तांब्या डावीकडे होता. आजच असं झालं असं नाही, हे त्याच्या एकदम ध्यानात आलं. तांब्या डावीकडेच असायचा, कितीतरी दिवस, आणि त्याचा हात मुकाट डावीकडे जायचा. आज सकाळपासून मनात उजवीकडचंच चाललं होतं म्हणून हात तिकडे गेला.

"तांब्या इकडं का ठेवतीस?" त्यानं विचारलं.

मैना भाकरी परतत होती. तिनं वळून पाहिलं नाही. "उजवीकडं ठेवला की सांडता तुम्ही."

"कधीपासनं?"

"मागच्या दिवाळीच्या आधीपासनं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला?" मैना म्हणाली, आणि भाकरी त्याच्या ताटात टाकून पुन्हा तव्याकडे वळली. त्या एका शब्दात तिचा सगळा संसार होता. त्याच्या डोळ्यांविषयी, त्याच्या गाडीविषयी, त्याच्या हाताविषयी या घरात कुणी काही बोलायचं नसतं, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तिनं तांब्या हलवला आणि गप्प राहिली. थोड्या वेळानं तिनंच सांगितलं, की माळवाडीच्या कोपऱ्यावर त्या उत्कर्षाचं चष्म्याचं दुकान आहे, तिथं एकदा जाऊन या. पेपर लांब धरता, चाळिशी लागली असेल. चाळिशी हा शब्द तिनं फार जपून निवडला होता. चाळिशी सगळ्यांनाच लागते, तिच्यात कमीपणा नाही.

उत्कर्षाला दुकान म्हटलेलं आवडत नसे. ती ऑप्टोमेट्री शिकून आली होती, आणि गिऱ्हाइकानं "डॉक्टर" म्हटलं तर "डॉक्टर नाही मी" आणि "दुकानदार" म्हटलं तर "तपासणी करते मी" असं दोन्हीकडून दुरुस्त करत असे. पुढच्या काउंटरवर फ्रेमांच्या मागे तिची आई आनंदीबाई बसत. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि गिऱ्हाइकांकडे अजून वर्गाकडे बघावं तसं बघत. उत्तरेश्वरनं चपला बाहेर काढल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "चपला घालून या. देऊळ नाही हे."

आतल्या खोलीत तक्ता होता. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, उत्तरेश्वरनं तो वरपासून खालपर्यंत वाचला. शेवटची ओळ त्यानं मुद्दाम सावकाश वाचली, एकेक अक्षर सुटं करून. मग म्हणाला, "खाली छापणाऱ्याचं नाव हाय बारीक. ते पण वाचू का?"

उत्कर्षा हसली. "नको काका, तेवढं मलाही दिसत नाही."

तो खुर्चीत मागे रेलला. कर्वेनगरची ती थाप, ती पिवळी स्कूटर, सगळं त्याच्या अंगावरून उतरून गेल्यासारखं झालं. पण ती पोरगी थांबली नाही. तिनं त्याची हनुवटी एका यंत्रावर टेकवली आणि डोळ्यावर हवेची फुंकर बसली. दुसऱ्या डोळ्यावर बसली. मग तिनं पहिल्या डोळ्यावर पुन्हा एकदा मारली. ती बोलेनाशी झाली, तसं त्याला मैनाच्या पाठमोऱ्या उभं राहण्याची आठवण झाली. मग तिनं स्टूल ओढलं आणि त्याच्या गुडघ्यासमोर बसली.

"माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. कडेला माझं बोट हलताना दिसलं की 'हो' म्हणा."

डावीकडे तो "हो, हो" म्हणत गेला. मग तिनं हात बदलला. तो तिच्या नाकाकडे बघत राहिला. नाकात बारीक चमकी होती, कपाळावर केसांची एक बट आली होती, मागच्या भिंतीवर कॅलेंडरचा खिळा होता. ती काहीतरी शोधत असेल, किंवा विसरली असेल, असं वाटून तो वाट बघत राहिला. शेवटी म्हणाला, "करा ना चालू."

"काका," ती म्हणाली, "चालूच आहे."

त्यानं नजर वळवली. तिचं बोट त्याच्या कानापासून पुढे, गालाच्या बरंच पुढे आलं होतं आणि हलत होतं.

तिनं समजावून सांगितलं. डोळ्यातला दाब वाढला की आतली नस हळूहळू मरते, कडेकडून दिसायचं बंद होतं, दुखत नाही, खुपत नाही, तक्ता शेवटपर्यंत वाचता येतो. काचबिंदू असावा. "नक्की मी नाही सांगू शकत, ते डॉक्टर सांगतील. पण या आठवड्यात जायचंच. तुम्ही काय करता?"

हा प्रश्न त्याला आवडायचा. आज त्यानं तिच्याकडे न बघता उत्तर दिलं. "गाडीवर आहे. बस."

तिनं पेनला टोपण लावलं. "डॉक्टरांना सगळ्यात आधी हेच सांगा," ती म्हणाली. मग चाळिशीच्या चष्म्याचं माप घेतलं, आणि त्यानं तपकिरी काड्यांची फ्रेम निवडली.

शनिवार पेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्याला एका पांढऱ्या पोकळ भांड्यात तोंड घालून बसवलं आणि हातात बटण दिलं. मध्ये एक दिवा, त्याच्याकडे बघायचं. आजूबाजूला बारीक ठिपके चमकतील, दिसला की बटण दाबायचं. उत्तरेश्वरच्या लगेच लक्षात आलं की ठिपका चमकण्याआधी यंत्र आतून बारीक कुरकुरतं. इंजिनाच्या आवाजावर गिअर टाकणाऱ्या माणसाला एवढं पुरे होतं. तो आवाजावर दाबत गेला. त्या पांढऱ्या पोकळीत त्याला गंमत वाटायला लागली, यंत्राला आपण हरवतो आहोत असं वाटायला लागलं. तेवढ्यात यंत्रापाशी बसलेली मुलगी म्हणाली, "काका, आवाजावर नका दाबू. आपण परत करू या." दुसऱ्या वेळी त्यानं आवाज सोडून दिला. मग उजवीकडे फक्त पांढरं राहिलं. यंत्र कुरकुरत होतं, म्हणजे तिथे दिवे लागत होते, विझत होते, आणि त्याच्यापुढे धुवून ठेवलेल्या परातीसारखं नुसतं स्वच्छ पांढरं. कर्वेनगरच्या रिकाम्या रस्त्यासारखं. या रिकाम्या जागेत गेल्या वर्षभरात कोण कोण उभं असेल? शाळेची पोरं, भाजीची गाडी, मैनासुद्धा. बटणावरचा अंगठा तसाच राहिला.

डॉक्टर कमी बोलणारे होते. गेलेलं परत येत नाही, म्हणाले. थेंब रोज टाकले तर आहे ते टिकेल. रविवारीसुद्धा.

"आणि गाडी?"

"लायसन्सच्या वेळी काय बघतात?"

"तक्ता वाचून घेतात."

"तो तुम्ही वाचाल," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर सांगतोय. बस चालवू नका. मी काही तुमच्या मागे फिरणार नाही."

उत्तरेश्वरनं थेंब सुरू केले आणि बस चालू ठेवली. याला तो स्वतःशी फसवणूक म्हणत नव्हता. डोळा गेला तर मान आहे, असा त्याचा हिशेब होता. तो आता स्टॉपवरून निघताना मान पूर्ण खांद्यापर्यंत वळवायचा, परत आणायचा, परत वळवायचा. बाणेरच्या चौकात, वाकडच्या पुलाखाली, जिथे पूर्वी नुसती नजर जायची तिथे आता अख्खं डोकं जात होतं. एका मुलानं उतरताना विचारलं, "काका, योगा चालू केला का?" तो हसला. मान दुखायची, संध्याकाळी मैना तेल चोळायची आणि काही विचारायची नाही. तिला दवाखान्यातलं त्यानं सांगितलं होतं, निम्मं. रोज बस यार्डात लावताना आज पुन्हा ओरखडा नाही, या विचारानं त्याला पहिल्यापेक्षा जास्त अभिमान वाटायचा. दोन्ही बाजूंनी दिसत असताना कुणीही चालवेल, असंही त्याच्या मनात आलं. आणि आलं त्याच क्षणी त्याला आरशात बघवेना. झोपलेली पोरं होती तशीच होती. त्यानं आरसा थोडा वर केला.

चष्मा तयार झाल्याचा निरोप आला म्हणून तो उत्कर्षाकडे गेला. तिनं काड्या कानामागे बसवून बघितल्या, एक जरा वाकवली, पुन्हा बसवली.

"थेंब चालू आहेत?"

"चालू."

"आणि बस?"

"सोडली," उत्तरेश्वर म्हणाला.

असं म्हणायचं त्यानं ठरवलं नव्हतं. शब्द तोंडातून निघाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. उत्कर्षाचे हात थांबले. "खरंच?" ती म्हणाली, आणि मग काउंटरकडे वळून, "आई, ऐकलंस? हे ते काका. मी म्हटलं होतं ना तुला, हे सोडायचे नाहीत, कुणीच सोडत नाही. चुकले मी." मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "सॉरी काका. मी तुम्हाला ओळखलंच नाही."

आनंदीबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मग त्या खुर्चीवरून उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश, पण पूर्ण उठल्या. "आमच्या ह्यांना दिसेनासं झालं तरी स्कूटर सोडवेना," त्या म्हणाल्या. "किल्ली मी डाळीच्या डब्यात लपवायची, आणि ते डबा शोधून काढायचे. तुम्हाला कुणी किल्ली मागितली?"

"नाही," उत्तरेश्वर म्हणाला. हे मात्र खरं होतं.

"आणि आपण दिलीत." 'तुम्ही'चं 'आपण' झालं होतं. "बसा आपण. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

तो बसला. त्यानं चहा घेतला. सगळा.

बाहेर पडून तो कॅनॉलच्या कडेनं चालायला लागला. खडकवासल्याचं पाणी सोडलेलं होतं, काठोकाठ जात होतं. त्याला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटत नव्हती, हेच त्याला विचित्र वाटत होतं. आयुष्यात त्याच्यासाठी कुणी खुर्चीवरून उठलं नव्हतं. जो ड्रायव्हर कुणाला धडकत नाही त्याला कुणी शाबासकी देत नाही. देणार कशाबद्दल? काही घडलंच नाही याबद्दल? आज पहिल्यांदा कुणीतरी मापात शिवलेल्या सदऱ्यासारखं कौतुक त्याच्या अंगावर चढवलं होतं, खांद्यात बरोबर, बाह्यांत बरोबर, आणि ते त्यानं काढून ठेवलं नव्हतं. हे असंच राहू द्यावं, उद्या गाडीवर जावं, माळवाडीच्या कोपऱ्यावरून गाडी न्यायची नाही एवढंच बघावं. कोण विचारतंय? तो चालत राहिला. मग त्याच्या डोळ्यांपुढे तो दुसरा माणूस उभा राहिला, त्या दुकानात बसून चहा प्यालेला. त्यानं गाडी सोडली होती. न मागता किल्ली दिली होती. तो ताठ बसला होता, त्याला मान वळवावी लागत नव्हती. उत्तरेश्वरनं आजवर अनेक ड्रायव्हर बघितले होते. घाटातले, रात्रीचे, चाळीस टनी गाड्या दोन बोटांनी फिरवणारे. त्याला त्यांतल्या एकाचाही हेवा वाटला नव्हता. या एकाचा वाटला. हा आपल्यापेक्षा मोठा ड्रायव्हर आहे, असं त्याला वाटलं, आणि ते त्याला सहन होईना. घर मागे राहून गेलं होतं, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

"उद्यापासनं गाडी बंद," त्यानं मैनाला सांगितलं.

मैनानं त्याच्याकडे बघितलं. "बरं," ती म्हणाली. मग तिचे डोळे भरले, आणि ते दिसू नयेत म्हणून ती त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्यानं मान पूर्ण वळवली आणि बघितलं.

सुखदेव यार्डात टायर मोजत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि आधी शिवी दिली, मग खाली बसला. "पाठ गेली म्हणू की," तो म्हणाला. "शुगर म्हणू. कंपनीला कळलं की आपला ड्रायव्हर अर्धा आंधळा होता, तर मला कोण उभं करील?"

"पाठ माझी धडधाकट हाय," उत्तरेश्वर म्हणाला. "उजवीकडचं दिसत नाही. म्हणून सोडतोय. कुणी इचारलं तर तेच सांगणार."

"एवढं छाती काढून सांगायला काय झालं रे? पदक मिळालंय का?"

सुखदेव त्याच्याकडे बघत राहिला. त्यानं याला कधी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं, रजा मारताना पाहिलं नव्हतं. "बजरंगला रूट दाखव आधी," तो शेवटी म्हणाला. "मग बघू. यार्डात पोरांवर नजर ठेवायला कुणीतरी लागतंच." आणि मग 'नजर' या शब्दावर दोघंही अडखळले, आणि दोघंही हसले.

बजरंग बीडकडचा, मजबूत मनगटांचा, पुण्यात नवा. सकाळी उत्तरेश्वर त्याच्या डाव्या हाताला, दारापाशी इंजिनावरच्या आडव्या सीटवर बसला. तिथे तो कधी बसला नव्हता. कर्वेनगर गेलं, कोथरूड गेलं. चांदणी चौकात त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला आणि खाली नुसता पत्रा लागला. बजरंगनं वळण छान घेतलं. "थोडं आधी उचल क्लच," एवढंच उत्तरेश्वर म्हणाला. मान सैल होती. किती दिवसांनी सैल होती.

हिंजवडीला दार उघडलं आणि पोरं उतरायला लागली. आजवर ती त्याच्या पाठीमागून उतरायची. आज एकेकजण त्याच्या तोंडासमोरून जात होता. एक मुलगी पायरीवर थांबली, कानातली वायर काढून म्हणाली, "काका, दोन वर्षं तुमच्या गाडीत बसतेय. तुमचा फेस आज पहिल्यांदा नीट बघितला."

"मग बघून घे," उत्तरेश्वर म्हणाला.

"आज ड्राइव्ह का नाही केलं? बरं नाही का?"

मागची रांग थांबली होती. बजरंग स्टीअरिंगवर हात ठेवून ऐकत होता. "मला उजवीकडचं दिसत नाही," उत्तरेश्वर म्हणाला. तो मोठ्यानं बोलला. मुलगा अमेरिकेत असतो हे लोक ज्या आवाजात सांगतात, तो आवाज त्याच्या तोंडून निघाला, आणि त्यानं तो आवरला नाही. "काचबिंदू. कळलं आणि गाडी सोडली. माझी मी."

मुलीनं पटकन हात पुढे केला, आणि त्यानं तो हातात घेतला. मग तिच्या मागच्यानंही केला.

बस रिकामी झाली. मागे दुसऱ्या कंपनीच्या बसगाड्या लागत होत्या, आणि जागा अरुंद होती. "अण्णा, मागं घ्यायला पायजे," बजरंग म्हणाला. उत्तरेश्वर खाली उतरला. आधी तो एका बाजूला उभा राहिला, मग विचार करून चार पावलं सरकला, अख्खी बस आणि मागची अख्खी जागा आपल्या डाव्या बाजूला येईल अशी. तिथून सगळं दिसत होतं. बंपर, खांब, मधलं अंतर, चहाच्या टपरीवरून निघालेला माणूस. त्यानं हात वर केला. बजरंगनं आरशातून त्या हाताकडे पाहिलं.

"येऊ दे," उत्तरेश्वर ओरडला. "येऊ दे... येऊ दे..."